दिवसाला एक टक्का सांगणाऱ्या आपल्याच माणसांना

प्रति,
कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, तुर्भे आणि नेरुळ इथले विमा प्रतिनिधी, पतपेढ्यांचे पिग्मी एजंट, पोस्टाची आरडी गोळा करणाऱ्या ताई आणि भिशी चालवणारी मंडळी यांना

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोलीस आयुक्तांना किंवा रिझर्व्ह बँकेला लिहा, असं मला काही जणांनी सुचवलं. त्यांना लिहिण्यासारखंही पुष्कळ आहे. पण क्रिप्टो लेंडिंगच्या, म्हणजे आभासी नाणी कर्जाऊ देऊन व्याज मिळवण्याच्या, नावाखाली आपल्या भागातून जो पैसा गोळा होतो आहे, तो आयुक्तांच्या किंवा गव्हर्नरांच्या शब्दावर कुणी दिलेला नाही. तुमच्या शब्दावर दिलेला आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी नवी मुंबईत पतपेढ्यांचं लेखापरीक्षण करतो. त्यामुळे पिग्मी एजंटची वही कशी असते आणि ती किती नेकीनं लिहिली जाते, हे मला चांगलं ठाऊक आहे. एपीएमसीच्या गाळ्यागाळ्यांतून रोजचे पन्नास-शंभर रुपये घेऊन संध्याकाळी चोख भरणा करणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. भर पावसात रेनकोटच्या आत कार्डं धरून चार जिने चढणारी पोस्टाची ताईही पाहिली आहे. माथाडी वसाहतीतला कामगार ब्लॉकचेन ओळखत नाही, वॉलेट ओळखत नाही; तो तुम्हाला ओळखतो. त्याच्या मुलीच्या नावची पॉलिसी तुम्ही काढून दिलीत आणि मुदत भरल्यावर चेक त्याच्या हातात पडला. त्याच्या बायकोची आरडी तुम्ही पाच वर्षं न चुकता भरलीत. आज तुम्ही "दादा, एक नवीन प्लॅन आलाय" म्हणता तेव्हा तो प्लॅन समजून घेत बसत नाही. तुम्ही सांगताय, एवढंच त्याला पुरतं.

ही पत कमवायला तुम्हाला वीस-वीस वर्षं लागली. कुठेतरी परदेशात बसून वेबसाइट चालवणाऱ्याला ती पहिल्या लेव्हलच्या पाच-सात टक्के कमिशनमध्ये मिळते. मला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटतं.

प्लॅन तुम्हाला तोंडपाठ असेल. मीटिंगमध्ये तो पॅकेज, आरओआय, लेव्हल इन्कम, दुबईची टूर या क्रमानं सांगतात. तो क्रम बाजूला ठेवा आणि एका माणसाचे एक लाख रुपये कुठून कुठे जातात, एवढंच पाहा. तो रोख देतो किंवा यूपीआय करतो. हे पैसे कंपनीच्या खात्यात जात नाहीत, कारण बहुतेक वेळा कंपनीचं भारतात खातंच नसतं. ते तुमच्या किंवा तुमच्या अपलाइनच्या, म्हणजे तुम्हाला योजनेत आणणाऱ्याच्या, खात्यात येतात. त्यातून पीटूपीवर, म्हणजे माणसामाणसांतल्या थेट खरेदी-विक्रीत, कुणा अनोळखी विक्रेत्याकडून यूएसडीटी घेतले जातात. डॉलरशी किंमत बांधलेलं हे नाणं. मग ते एका पत्त्यावर पाठवले जातात. पत्ता म्हणजे बहुधा ट्रॉन नावाच्या ब्लॉकचेनवरची ३४ अक्षरांची एक ओळ. त्या ओळीमागे माणूस कोण, हे तुम्हाला माहीत नाही, तुमच्या अपलाइनलाही माहीत नाही.

खऱ्या पैशाचा माग तुमच्यापुरता तिथेच संपतो. त्यानंतर रोज रात्री मोबाइलवर जमा होताना दिसतो तो फक्त कंपनीच्या संगणकातला एक आकडा. पासबुकातल्या आकड्यामागे खतावणी असते, ताळेबंद असतो, माझ्यासारखा कुणीतरी पावत्या मागणारा असतो आणि वर निबंधक किंवा रिझर्व्ह बँक असते. ॲपमधल्या आकड्यामागे काही असायलाच हवं, असं बंधन कुणावरही नाही.

परतावा रुपयांत घ्यायचा तर यूएसडीटी पुन्हा कुणा अनोळखी माणसाला विकावे लागतात. त्यानं तुम्हाला पाठवलेले रुपये दुसऱ्याच एखाद्या सायबर फसवणुकीतले निघाले, की भलत्याच राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठतं. त्याच खात्यात तुमचं विम्याचं कमिशन येत असतं आणि मुलाची फीही तिथूनच जात असते.

आता कर्जाचं बघू. पतपेढीत गेलो की मी सगळ्यात आधी कर्ज खतावणी मागतो. कर्जदार कोण, तारण काय, व्याज किती, थकबाकी किती. ठेवीदाराला व्याज द्यायचं तर ते कर्जदाराकडूनच यायला हवं, दुसरी वाट नाही. तुमचा प्लॅन दिवसाला एक सोडा, महिन्याला १० टक्केच देतो असं धरलं, तरी वर्षाला १२० टक्के. वर तुमचं कमिशन, कंपनीचा खर्च, टूर. एवढं भागवायला कुणीतरी वर्षाला १३०-१४० टक्क्यांनी कर्ज घेऊन ते वेळेवर फेडत असलं पाहिजे. पंधरा टक्क्यांच्या कर्जाचे हप्ते कसे थकतात, हे वसुलीला गेलेल्या तुमच्यातल्या प्रत्येकानं पाहिलं आहे. मग हा १४० टक्केवाला कर्जदार कोण? मीटिंगमध्ये हा प्रश्न कधी कुणी विचारला का?

क्रिप्टोत खरोखरचं कर्ज चालतं, हे मी नाकारत नाही. कुणी दीडशे रुपयांचे बिटकॉइन तारण ठेवून शंभर रुपयांचं डॉलरशी बांधलेलं नाणं उचलतो; तारणाचा भाव ठरावीक पातळीखाली गेला की संगणक ते आपोआप विकून कर्ज वसूल करतो. जोखीम तिथेही आहे, पण पैसे पुरवणाऱ्याला मिळणारा दर साधारण वर्षाला काही टक्के असतो. महिन्याला दहा नाही आणि दिवसाला एक तर नाहीच.

कर्जदार दाखवता आला नाही की उत्तर येतं, "कंपनीकडे एआय बॉट आहे, तो ट्रेडिंग करतो." दिवसाला १ टक्का चक्रवाढीनं धरला तर एक लाखाचे वर्षात ३७ लाख ७८ हजार होतात आणि दोन वर्षांत सव्वाचौदा कोटी. असा बॉट हाताशी असलेला माणूस बँकेकडून बारा टक्क्यांनी कर्ज काढेल आणि गप्प बसेल. तो घणसोलीतल्या माणसाची ग्रॅच्युइटी मागायला येणार नाही, आणि ती आणून देणाऱ्याला कमिशन तर मुळीच देणार नाही.

"पण मला स्वतःला सहा महिने पैसे मिळालेत." तुमचं सगळ्यात मोठं भांडवल हे वाक्य आहे आणि तुम्ही ते प्रामाणिकपणे म्हणता, हे मी जाणतो. म्हणून इथे जरा थांबून हिशेब करू. शंभर रुपये आले. सगळ्या लेव्हल मिळून दहा रुपये कमिशनात गेले. उरले नव्वद. महिन्याला दहाप्रमाणे त्याच माणसाला त्याचेच नव्वद रुपये परत देत राहिलं, तर नऊ महिने निघतात. कुठे धंदा नको, बॉट नको, कर्जदार नको. निम्म्या लोकांनी पैसे न काढता पुन्हा पॅकेज घेतलं, तर आणखी लांबतं. म्हणजे सहा महिने पैसे मिळणं हा योजना खरी असल्याचा पुरावा होत नाही. फसवी योजना असली तरी पहिल्या सहा महिन्यांत अगदी हेच घडतं.

नव्वद संपल्यावर पुढचे दहा नव्या माणसाकडून येतात. समजा आपल्या भागात ५०० जणांनी एकेक लाख टाकले. महिन्याला ५० लाख वाटायचे. कमिशन वजा जाता तेवढे यायला ५६ नवी माणसं लागतात. पुढच्या महिन्यात ५५६ जणांना द्यायचे, म्हणून ६२ लागतात. असंच चालू राहिलं तर तीन वर्षांनी ५०० चे २२ हजारांवर जातात, आणि यात अजून कुणाची मुद्दल परत दिलेली नाही. भिशी चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. भिशीत वीस जण जेवढं टाकतात, तेवढंच वीस जणांत फिरतं. कुणाला आधी मिळतं, कुणाला नंतर. टाकल्यापेक्षा जास्त सगळ्यांनाच मिळेल, असं भिशीवालीनं सांगितलं तर तिला लोक दुसऱ्या महिन्यात जाब विचारतील. मोबाइलवरच्या कंपनीला मात्र कुणी विचारत नाही.

यात नवीन काही नाही, आणि जे झालं ते आपल्यापासून फार लांबही झालेलं नाही. बिटकनेक्टचंच घ्या. २०१६ मध्ये निघालेली योजना. तिचा संस्थापक सतीश कुंभाणी सुरतचा. बिटकॉइन द्यायचे, बदल्यात कंपनीचंच बीसीसी नावाचं नाणं घ्यायचं आणि ते कंपनीलाच कर्जाऊ द्यायचं. बॉट होता, 'व्होलॅटिलिटी सॉफ्टवेअर' होतं, महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत परताव्याची जाहिरात होती. माणूस आणणाऱ्याला पहिल्या लेव्हलला ७ टक्के. मुद्दल किती दिवस अडकवायची, हे रकमेवर ठरे: हजार डॉलरपर्यंत २९९ दिवस आणि दहा हजारांच्या वर १२० दिवस. मोठी रक्कम टाकणाऱ्याची सुटका लवकर, शिवाय रोजचा परतावा पाव टक्क्यानं जास्त. कर्ज काढून मोठं पॅकेज घ्यायला लोक का तयार होतात, ते यातून कळतं.

जानेवारी २०१८ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या रोखे नियामकानं बंदीचा आदेश काढला आणि त्याच महिन्याच्या मध्यावर बिटकनेक्टनं लेंडिंग बंद केलं. सगळ्यांची कर्जं एका नाण्याला ३६३.६२ डॉलर हा दर लावून बीसीसीत परत केली. कागदावर पाहिलं तर कंपनीनं कुणाचाच पैसा बुडवला नाही. फक्त त्या नाण्याचा भाव दोनेक दिवसांत ४० डॉलरच्या खाली गेला. तुमच्या योजनेचं जर स्वतःचं नाणं असेल, किंवा "लवकरच लिस्ट होणार" असं सांगत असतील, तर ते नाणं कशासाठी ठेवलंय, हे यावरून ओळखा. गेनबिटकॉइनमध्येही हेच झालं. बिटकॉइन घेऊन महिन्याला १० टक्क्यांप्रमाणे १८ महिने बिटकॉइनच परत द्यायचं वचन होतं. ते जमेना तेव्हा हातात पडलं एमकॅप नावाचं घरचंच नाणं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये त्याचा म्होरक्या अमित भारद्वाज याला अटक केली. २०२२ मध्ये तो वारला. ईडीच्या म्हणण्यानुसार एकट्या २०१७ मध्ये या योजनेनं सुमारे ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा केले. सीबीआयच्या धाडी फेब्रुवारी २०२५ मध्येही चालूच होत्या.

बिटकनेक्टचं पुढे काय झालं, ते खास तुमच्यासाठी सांगतो. अमेरिकी सरकारच्या हिशेबानं जगभरातून २४० कोटी डॉलर गोळा झाले होते. कुंभाणीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे आरोप ठेवले गेले, पण त्याचा ठावठिकाणा लागत नसल्याचं तिथल्या रोखे आयोगानं न्यायालयाला कळवलं. तुरुंगात गेला तो ग्लेन आर्कारो. हा संस्थापक नव्हता, अमेरिकेतला मुख्य प्रवर्तक होता. तुमच्या भाषेत टॉप लीडर. कमिशनातून किमान २ कोटी ४० लाख डॉलर मिळवल्याचं त्यानं कबूल केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला ३८ महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याकडेही आशियाचं काम पाहणारा माणूस ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली विमानतळावर पकडला गेला. योजना रचणारा लांब असतो आणि त्याला पळायला वेळ मिळतो. प्लॅन दाखवणाऱ्याचा पत्ता सगळ्या डाउनलाइनला पाठ असतो.

आणि ज्यांचे गेले त्यांना काय मिळालं? जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी न्यायालयानं ४० देशांतल्या सुमारे ८०० जणांना मिळून १ कोटी ७० लाख डॉलर द्यायचा आदेश दिला. बुडालेल्या शंभर रुपयांमागे एक रुपयाही होत नाही. आपल्या ईडीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये याच प्रकरणात १,६४६ कोटी रुपयांची क्रिप्टो जप्त केली, पण तोपर्यंत सात वर्षं उलटली होती.

तुमच्यातले जास्त वाचणारे म्हणतील, आमची कंपनी तशी नाही, मोठी आहे, ऑफिस आहे, मुलाखती येतात. सेल्सियसचंही ऑफिस होतं. ग्राहकांना वर्षाला १७-१८ टक्क्यांपर्यंत व्याज सांगणारी ही अमेरिकी कंपनी. १२ जून २०२२ ला तिनं पैसे काढणं थांबवलं, १३ जुलैला दिवाळखोरीचा अर्ज केला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की व्याजाच्या खात्यांत ठेवलेली नाणी कंपनीची मालमत्ता आहे, कारण ग्राहकांनी मान्य केलेल्या अटींत तसं लिहिलं होतं. सुमारे सहा लाख खाती होती ती. माणसं स्वतःला ठेवीदार समजत होती आणि कायद्यापुढे ती विनातारण धनको निघाली. संस्थापक ॲलेक्स मशिन्स्कीला मे २०२५ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. वॉल्ड या क्रिप्टो लेंडिंगच्याच कंपनीत तर आपल्याकडचे कितीतरी लोक होते. तिनं ४ जुलै २०२२ ला पैसे काढणं बंद केलं. ज्या अटींवर अंगठा दाबून 'ॲग्री' करता, त्यात नाण्यांची मालकी कुणाकडे जाते, हे तुमच्यातल्या एकानंही वाचलं असेल तर मला सांगा.

"बँका काय कमी बुडतात?" हा टोमणा मला पनवेलकडच्या लोकांकडून हमखास ऐकावा लागतो आणि त्यांचा राग खरा आहे. कर्नाळा बँकेत त्यांनी जे भोगलं ते मी विसरलेलो नाही. पण त्या बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण होतं आणि ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. क्रिप्टो लेंडिंगला हे संरक्षण नाही. पाच लाखांचं नाही आणि पाचशेचंही नाही.

"सरकार टॅक्स घेतं, म्हणजे कायदेशीरच की." एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदाही लागू झाला. यातल्या एकाही गोष्टीनं सरकारनं कुणाच्या परताव्याची हमी घेतलेली नाही. उलट, तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. आणि एवढंच कायदेशीर असेल, तर तुमच्या लोकांच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या उताऱ्यात, त्या कंपनीचा टीडीएस दाखवा.

जानेवारी २०२५ मध्ये टोरेस या खड्यांच्या नावावर पैसे गोळा करणाऱ्या योजनेच्या सानपाड्याच्या दुकानाबाहेर जमलेली गर्दी तुमच्यातल्या काहींनी पाहिली असेल. तिथे खडे होते, इथे नाणी आहेत. दर आठवड्याचा परतावा आणि माणसं आणण्यावर बोनस, हे सगळं तेच.

घणसोलीतले एक निवृत्त माथाडी कामगार त्यांचा मोबाइल घेऊन माझ्याकडे आले होते. स्क्रीनला आडवी चीर. ॲप पूर्ण इंग्रजीत, पण कुठे काय दाबायचं ते त्यांना पाठ होतं, कारण त्यांच्या विमा एजंटनं बोट धरून शिकवलं होतं. ग्रॅच्युइटीतले सहा लाख त्यात होते. शिल्लक दिसत होती ११,४०० डॉलर, आणि रोज वाढत होती. पैसे काढायचं बटण मात्र करडं झालेलं. खाली लाल पट्टीत सूचना: सुरक्षा अद्ययावत केली आहे, खातं चालू करण्यासाठी शिल्लक रकमेच्या १० टक्के भरा. म्हणजे जवळजवळ लाखभर रुपये. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून ते भरावेत का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी त्यांच्यासमोर एजंटला फोन लावला. त्यानं लगेच उचलला. पळून गेलेला माणूस नव्हता तो. म्हणाला, "साहेब, मी पण माझे भरलेत. भरल्यावर सुटतं म्हणतात."

पाटल्या गहाण पडल्या नाहीत. सहा लाख गेले.

ती लाल पट्टी ओळखायला शिका. खऱ्या संस्थेला तुमच्याकडून काही येणं असेल, तर ती शिलकीतून वजा करते. तुमचेच पैसे सोडवण्यासाठी कर म्हणून, केवायसी म्हणून, दंड म्हणून बाहेरून पैसे भरायला लावणारा माणूस शेवटची रक्कम काढून घेत असतो. त्याच्यामागून "तुमचे पैसे परत काढून देतो, आधी फी भरा" म्हणणारे येतात. तेही त्याच जातकुळीतले.

त्या काकांना लोभी म्हणणारे मला भेटले. मला तो शब्द अन्याय्य वाटतो. सहा लाखांच्या एफडीवर सात टक्क्यांनी महिन्याला साडेतीन हजार मिळतात आणि तेवढ्यात औषधं आणि घरभाडं बसत नाही, ही त्यांची अडचण होती. त्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजना कुणी समजावून सांगितली नाही. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १२,३०० रुपये आणि मागे भारत सरकार. त्या योजनेत एजंटला कमिशन नाही, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच हे मी तुम्हाला लिहितोय.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे. त्याचं कलम ५ कंपनीपुरतं नाही. 'कोणत्याही नावानं ओळखली जाणारी कोणतीही व्यक्ती' अशी त्याची भाषा आहे. अशा योजनेत कुणाला ओढण्यासाठी जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं वचन दिलं, तर कलम २३ खाली किमान एक वर्ष आणि पाच वर्षांपर्यंत कैद, वर १० लाखांपर्यंत दंड. आपल्या राज्याचा ठेवीदार संरक्षण कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, १९९९ पासून आहे आणि त्यातल्या ठेवीच्या व्याख्येत पैशांबरोबर मौल्यवान वस्तूही येते. "मला माहीत नव्हतं" हे तुमचं आजचं म्हणणं खरं असेल. पण स्वतःचं विथड्रॉवल अडकल्यावरही नवीन आयडी लावली, म्हणजे नवा माणूस जोडला, तर ते म्हणणं टिकणं कठीण आहे.

पोलिसांकडेही माझी एक मागणी आहे. योजना कोसळेपर्यंत थांबू नका. २०१९ च्या कायद्यात अशी योजना चालवणं हाच गुन्हा आहे, पैसे बुडण्याची वाट पाहायची गरज नाही. वाशीतल्या हॉलमध्ये रविवारी मीटिंग होते, ती सगळ्या गावाला ठाऊक असते. "अजून कुणाचे बुडाले नाहीत ना?" असं विचारून तक्रारदाराला परत पाठवू नका.

तुमच्याकडून मला काय हवंय, ते आता लिहितो. आजपासून नवीन आयडी लावू नका. अपलाइन काहीही म्हणो, ऑफर आज रात्री संपणार असो. ज्यांच्या आयडी लावल्यात त्यांना फोनवर नाही, घरी जाऊन सांगा. जे पैसे काढता येत असतील ते काढून घ्यायला आणि पुन्हा न भरायला सांगा. निघालेल्या पैशांचा लेखी हिशेब ठेवायलाही सांगा, कारण त्यात दुसऱ्याचे पैसे असू शकतात आणि उद्या तपासात तो हिशेब मागतील. ज्यांचं अडकलंय त्यांना सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावा आणि आर्थिक गुन्हे शाखेत घेऊन जा. बरोबर जा, त्यांना एकटं पाठवू नका; पोलीस ठाण्याची पायरी चढायला ते घाबरतात आणि त्यांना तिथवर तुम्हीच नेऊ शकता. यूएसडीटी कुठल्या पत्त्यावर गेले, कधी गेले, व्यवहाराचा हॅश, म्हणजे ओळख क्रमांक, काय, हे सगळं तुमच्या मोबाइलमध्ये आहे. ते लवकर पोहोचलं, तर पोलिसांच्या विनंतीवरून ते नाणं काढणारी कंपनी त्या पत्त्यावरची रक्कम गोठवू शकते. उशीर झाला तर ती पुढच्या पत्त्यांवर पांगलेली असते.

आणि कमिशन. लोकांचा पैसा ज्या वॉलेटांत गेलाय, तिथून तो परत येण्याची आशा थोडी आहे. तुमचं कमिशन मात्र इथेच आहे, कोपरखैरण्यात, घणसोलीत, तुमच्या खात्यात. ज्याच्या पैशातून ते आलं त्याला ते परत करा, जमेल तसं हप्त्यानं करा, पण पावती घेऊन करा. तुम्ही स्वतःही बुडालेले असाल, तर हे फार जड जाईल, मला कल्पना आहे. तरीही मागतोय.

तुमच्यातल्या बहुतेकांनी कुणाकडून किती घेतलं, ते वहीत लिहून ठेवलंय. कंपनीनं दिलेलं ॲप उद्या बंद पडेल आणि त्यातलं सगळं पुसलं जाईल. मग कुणाचे किती होते, हे सांगणारी तेवढी एक वही राहील. भीतीनं ती फाडू नका. तिची झेरॉक्स काढा, प्रत्येक नावापुढे समोरच्याची सही घ्या आणि मूळ वही तपास अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्या. हिशेब जुळवायला मदत लागली तर पतपेढ्यांचे हिशेब तपासणारा कुठे भेटतो, हे कोपरखैरण्यात कुणालाही विचारा. त्याचे मी पैसे घेणार नाही.

आपला,
पतपेढ्यांचे हिशेब तपासणारा एक लेखापरीक्षक
कोपरखैरणे, नवी मुंबई